शिळाछाप तसबिरी आणि त्या घडवणारे हात

शिळाछाप म्हणजे दगडावर काढलेल्या चित्राचा किंवा लिहिलेल्या मजकुराचा कागदावर घेतलेला ठसा. लाकडी ठोकळ्यावर किंवा तांब्याच्या पत्र्यावर कोरकाम करावे लागते. शिळाछापात कोरायचे काही नसते. एकोणिसाव्या शतकात ही विद्या मुंबईत आली, पुण्यात रुजली आणि शतक सरता सरता मळवली-कार्ल्याला तिचा देशभर नाव झालेला कारखाना उभा राहिला. पुण्याची चित्रशाळा आणि राजा रविवर्मा यांचा छापखाना ही या धंद्यातली दोन मोठी नावे. त्यांच्या दगडांवरून उतरलेले रामपंचायतन, शिवाजी महाराज, नाना फडणवीस, लक्ष्मी, सरस्वती आणि शकुंतला घरोघरच्या भिंतींवर गेले. लक्ष्मी म्हटले की आज मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे जी मूर्ती येते, ती बहुधा याच छापखान्यांच्या वळणाची असते. ही रूपे त्यांना सुचली कुठून, हे पाहू गेल्यास शोध एखाद्या थोर चित्रकाराच्या प्रतिभेपाशी थांबत नाही. नाटकाचे पडदे, बखरींची पाने, परदेशी चित्रकाराने काढलेल्या तसबिरी, गिऱ्हाइकाची आवड आणि जर्मन कारागिराचा खडू, इतक्या वाटांनी ती आली आहेत.

या छपाईचा शोध आलोइस झेनेफेल्डर याने १७९६ च्या सुमारास जर्मनीत लावला. झेनेफेल्डर नाटके लिहीत असे आणि ती स्वस्तात छापता यावीत ही त्याची अडचण होती. बव्हेरियातल्या झोल्नहोफेन गावच्या खाणींत मिळणारा, अत्यंत बारीक कणांचा चुनखडक त्याच्या कामी आला. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्याच गोष्टीवर ही सगळी पद्धत उभी आहे. आधी वाळू आणि पाणी घालून दगडावर दगड घासतात, म्हणजे पृष्ठभाग सपाट आणि किंचित खरखरीत होतो. मेण, साबण, चरबी आणि काजळी यांपासून केलेल्या खडूने त्यावर चित्र काढतात. मग डिंकाच्या पाण्यात थोडे नत्राम्ल मिसळून ते दगडावर फिरवतात. त्यामुळे चित्राची तेलकट रेघ दगडात पक्की बसते आणि उरलेली जागा पाणी धरून ठेवू लागते. दगड ओला करून त्यावर शाईचा रूळ फिरवला की शाई रेघेवर तेवढी चढते. ओल्या जागेला ती चिकटतच नाही. वर कागद ठेवून दाब दिला की ठसा उतरला. दगडावर सगळे उलटे काढायचे असते. राजाच्या उजव्या हातात तलवार हवी असेल तर ती दगडावर डाव्या हातात द्यावी लागते, आणि तिथे चूक झाली तर छापलेला राजा डावखुरा निघतो.

रंगीत चित्राची मेहनत याच्या कितीतरी पट असते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. मूळ चित्राची बाह्यरेषा प्रत्येक दगडावर उतरवून घेतात आणि त्या त्या दगडावर एकाच रंगाचा वाटा खडूने किंवा शाईच्या ठिपक्यांनी भरतात. गालावरची लाली एका दगडावर, तिच्याखालची पिवळसर कांती दुसऱ्यावर, मानेची सावली तिसऱ्यावर. ठिपके दाट केले की रंग गडद दिसतो, विरळ केले की फिकट. साध्या चित्राला पाच-सहा दगडांत भागते. तेलचित्राचा भास हवा असेल तर ही संख्या दहाच्या पुढे जाते. कागद प्रत्येक वेळी त्याच जागी बसला पाहिजे. तो केसभर हलला तरी ओठांचा रंग हनुवटीवर उतरतो. पावसाळी हवेत कागद ओल धरतो, फुगतो आणि जुळणी बिघडते, ही या धंद्याची कायमची डोकेदुखी होती. असे असूनही त्यातला एक मोठा कारखाना लोणावळ्याच्या पावसात जाऊन बसला, त्याचे कारण पुढे येईल.

महाराष्ट्रात चित्र छापण्याची धडपड शिळाछापाच्या आधीपासूनची आहे. इंग्रजांचा पुण्यातला वकील चार्ल्स मॅलेट आणि स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांच्या पुढाकाराने अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळा चालली. गंगाराम तांबट हा तिथे तयार झालेला गुणी चित्रकार. वेरूळच्या लेण्यांची आणि पुण्यातल्या मल्लांची त्याने काढलेली चित्रे आज अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. त्याच सुमारास नाना फडणवीसांनी भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापण्याचे काम एका तांबटाकडून सुरू करवले. नानांच्या हयातीत ते पुरे झाले नाही. मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली ती गीता छापून निघाली.

मुंबईत शिळाछाप मराठीला साजेसा करून घेतला तो गणपत कृष्णाजी यांनी. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करता करता ते ही विद्या शिकले, स्वतःचा छापखाना काढला आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले. खिळ्यांच्या छपाईला देवनागरीची जोडाक्षरे आणि काने-मात्रे जड जात होते. शिळाछापाला ती अडचण नव्हती, कारण लेखनिकाने लिहिलेले वळणदार अक्षर जसेच्या तसे कागदावर येत होते. लोकांना पोथी हाताने लिहिलेलीच वाचायची सवय होती. शिळाछापाची आडवी पोथी त्यांना परकी वाटली नाही. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी छापील पोथीला हात लावायला कचरत, तेव्हा गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई वापरली असे सांगतात. चित्र काढायच्या खडूतली चरबी मात्र तशीच राहिली असावी. त्याची चौकशी कुणी केली नाही. पुढे ‘पांडवप्रताप’, ‘हरिविजय’ यांसारख्या पोथ्यांत मजकुराबरोबर चित्रेही येऊ लागली. ती पाहिली की चित्रकथींच्या चित्रांची आणि वाड्यांतल्या भित्तिचित्रांची आठवण होते. एका बाजूने दिसणारे चेहरे, टपोरे डोळे, पेशवाई थाटाच्या पगड्या आणि महिरपी असे त्यांचे रूप आहे. कौरव-पांडवांचा दरबार त्यांत शनिवारवाड्यासारखा भरतो.

पुण्याच्या चित्रशाळेची स्थापना १८७८ सालची. ती काढली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी, बाळकृष्णपंत जोशी आदी सहकाऱ्यांना बरोबर घेऊन. त्यांचे ‘निबंधमाला’ हे नियतकालिक तेव्हा चार वर्षांचे झाले होते. त्याच १८७८ मध्ये चिपळूणकर, काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्या खटपटीतून ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक निघाले आणि वाड्यांच्या दप्तरांत पडून राहिलेल्या बखरी, कैफियती आणि जुनी काव्ये छापून वाचकांपुढे येऊ लागली. या दोन उपक्रमांचे नाते कलेविषयीच्या लिखाणात फारसे लक्षात घेतले जात नाही. बखर छापायची आणि बखरीतला माणूस डोळ्यांना दाखवायचा, असे ते एकच काम होते. चित्रशाळेच्या सुरुवातीच्या चित्रांत राम-सीतेइतकेच स्थान शिवाजी महाराज, सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना मिळाले, ते यामुळेच. पेशवाई बुडून तेव्हा साठ वर्षे झाली होती. ती पाहिलेली थोडी म्हातारी माणसे उरली होती आणि तरुणांना इंग्रजांनी लिहिलेला इतिहास शाळेत शिकवला जात होता. अशा वेळी दिवाणखान्यात नानांची तसबीर लावण्याला अर्थ होता आणि लावणाऱ्याला तो ठाऊक होता.

नाना दिसत कसे, हा प्रश्न छापखान्यापुढे होताच. इथे जेम्स वेल्स पुन्हा उपयोगी पडला. त्याने पुण्यात असताना सवाई माधवराव आणि नाना यांना समोर पाहून तेलचित्रे काढली होती. लांबट चेहरा, कृश अंग, पांढरा वेश आणि डोक्यावर पागोटे हे नानांचे रूप त्या चित्रांतून आणि त्यांच्या नकलांतून रूढ झाले. तेव्हा पेशव्यांच्या कारभाऱ्याचा चेहरा स्वाभिमानी पुणेकरांच्या घरी पोहोचला तो एका स्कॉटिश चित्रकाराच्या हातून. शिवाजी महाराजांच्या बाबतीत तर अडचण आणखी मोठी होती. समकालीन डच परंपरेतले चित्र वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ च्या सुमारास उजेडात आणले. त्याआधीच्या छापील शिवाजीत बखरीतले वर्णन, दरबारी पोशाखाची कल्पना आणि चित्रकाराची भक्ती यांचा वाटा मोठा आहे.

चित्रशाळेच्या तसबिरींचे वळण एकदा पाहिले की विसरत नाही. रामपंचायतनात राम आणि सीता सिंहासनावर पाहणाऱ्याकडे तोंड करून बसतात, भाऊ छत्रचामरे घेऊन उभे असतात आणि मारुती पायांशी हात जोडून असतो. रंग भडक आणि सपाट असतात, त्यांच्यात शेंदरी, निळा आणि पिवळा उठून दिसतो. जमिनीच्या फरशा मात्र पाश्चात्त्य पद्धतीने दूर जाताना लहान होतात. वर महिरप आणि तिच्या दोन्ही बाजूंना गोंडे लावलेला, बाजूला सारलेला पडदा. जुनी आणि नवी दृष्टी एकाच कागदावर एकमेकींना फार न विचारता नांदते. या चित्रांवर काढणाऱ्याचे नाव क्वचित सापडते; खालच्या पट्टीवर छापखान्याचे नाव असते. दगडावर बसून महिनोन् महिने ठिपके भरणारी ही माणसे तांबट, चितारी, लेखनिक अशा कारागिरांच्या परंपरेतली होती आणि नाव घालण्याची त्या परंपरेत चाल नव्हती. चिपळूणकर १८८२ साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारले. पुढे वासुकाका जोशी यांनी चित्रशाळा नावारूपाला आणली. टिळकांचे निकटचे सहकारी असलेल्या या गृहस्थांच्या काळात १९१० साली ‘चित्रमयजगत्’ हे सचित्र मासिक सुरू झाले आणि मराठी वाचकाला जगभरची चित्रे घरबसल्या दिसू लागली.

रविवर्म्यांचा रस्ता वेगळा होता. १८४८ साली त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूर येथे जन्मलेला हा चित्रकार राजेरजवाड्यांसाठी तेलरंगांत काम करीत असे. बडोद्याच्या गायकवाडांसाठी त्यांनी पौराणिक विषयांवरच्या चौदा चित्रांची मालिका केली. ती लोकांना दाखवली तेव्हा पाहायला झुंबड उडाली. राजवाड्यात गेलेले चित्र सामान्य माणसाला पुन्हा दिसत नाही, हे उघड होते. पूर्वी त्रावणकोरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनी रविवर्म्यांना आधीच सुचवले होते की निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांचे ओलिओग्राफ करून घ्यावेत. ओलिओग्राफ म्हणजे अनेक दगडांवरून छापून वर रोगण चढवलेले आणि कधी कॅनव्हासच्या विणीचा ठसाही उमटवलेले, तेलचित्रासारखे दिसणारे रंगीत शिळाछाप. युरोपात चित्रे पाठवण्यापेक्षा यंत्रेच इकडे आणावीत असे अखेर ठरले. १८९४ साली मुंबईत गिरगावात छापखाना सुरू झाला. गोवर्धनदास खटाव मखनजी हे व्यापारी भागीदार होते. यंत्रे जर्मनीची आणि ती चालवणारे तंत्रज्ञही जर्मन.

या छापखान्याचे पहिले चित्र ‘शकुंतलाजन्म’. मेनका तान्ह्या शकुंतलेला पुढे करते आहे आणि विश्वामित्र हात आडवा धरून तोंड फिरवतो आहे, असा तो प्रसंग. पहिल्या छपाईसाठी देवाची तसबीर न घेता हा प्रसंग का निवडला असावा? उत्तर कागदपत्रांत शोधण्यापेक्षा रंगभूमीवर शोधलेले बरे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले होते आणि त्याच्या पदांनी महाराष्ट्र वेडा झाला होता. शकुंतला कोण, हे सांगायची गरज कुणालाच नव्हती. नाटक न पाहिलेल्या माणसाने तिची कथा कीर्तनात ऐकलेली असे.

मराठी संगीत नाटक आणि ही छापील चित्रे सख्खी भावंडे आहेत. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हापासून देव-राक्षस रंगभूमीवर वावरत होते. पारशी नाटक मंडळ्यांनी रंगवलेले पडदे, राजवाडे आणि अरण्ये यांचा थाट आणला, किर्लोस्कर मंडळीने त्याला गाण्याची आणि अभिनयाची जोड दिली. रविवर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू सी. राजराजवर्मा मुंबईत राहत असताना नाटके पाहायला जात. धाकट्या बंधूंच्या इंग्रजी रोजनिशीत त्याच्या नोंदी आहेत. चित्रांत त्याचा परिणाम जागोजाग दिसतो. पात्रे रंगमंचाच्या पुढच्या कडेशी एका ओळीत उभी असतात, मागे डोंगर किंवा महाल पडद्यासारखा सपाट असतो, हातवारे शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला दिसावेत इतके मोठे असतात. विश्वामित्राचा तो आडवा हात हा नटाचा हात आहे. शिवाय चित्र नेमक्या त्या क्षणी थांबलेले असते, जिथे नाटकात टाळी पडते आणि कीर्तनात बुवा अभंग उचलतात.

केरळातल्या माणसाच्या चित्रांत नऊवारी इतकी कशी आली, हाही प्रश्न पडतो. रविवर्म्यांच्या दमयंती, शकुंतला आणि इतर अनेक नायिका मराठी वळणाच्या लुगड्यांत दिसतात. देशभर फिरून त्यांनी वेगवेगळ्या समाजांतल्या स्त्रियांची चित्रे काढली. त्यांतली दहा चित्रे १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात गेली आणि त्यांना पदके मिळाली. पुराणातल्या स्त्रीला सगळ्या प्रांतांतल्या लोकांनी आपली म्हणावे असा पोशाख त्यांना हवा होता. मुंबईत मिळणारी माणसेही मराठी आणि गोमंतकीय होती. पुढे भेंडीबाजार घराण्याच्या गायिका म्हणून नावाजलेल्या अंजनीबाई मालपेकर तरुण वयात रविवर्म्यांच्या काही चित्रांसाठी समोर बसल्या होत्या. घरंदाज बायका चित्रकारासमोर बसत नसत, त्यामुळे देवींच्या चेहऱ्यांना गाणाऱ्या-नाचणाऱ्या घराण्यांतल्या स्त्रियांचे नाक-डोळे मिळाले. ज्या समाजाने या स्त्रियांना उंबऱ्याबाहेर ठेवले त्याच समाजाने त्यांचे चेहरे देवघरात लावले. एकोणिसाव्या शतकाच्या महाराष्ट्रात अशा गोष्टी फार आहेत, पण याइतकी उघड्यावर टांगलेली दुसरी नसेल.

रविवर्म्यांची लक्ष्मी जवळून पाहण्यासारखी आहे. ती पाण्यातल्या कमळावर उभी आहे. चार हातांपैकी वरच्या दोन हातांत कमळे, बाजूला सोंडेत हार धरलेला हत्ती. मूर्तिशास्त्रातली लक्षणे बहुतेक शाबूत आहेत. बदलले आहे ते शरीर. खांद्यावरून पदर खरोखर कापडासारखा पडतो, चोळीच्या बाहीवर जरीचा काठ चमकतो, पाय कमळावर टेकल्यासारखे वाटतात आणि चेहरा शेजारच्या घरातल्या तरुण सुनेचा असावा इतका ओळखीचा आहे. सरस्वतीही तशीच. पांढरी साडी नेसून ती पाण्याकाठच्या खडकावर वीणा घेऊन बसली आहे आणि जवळ मोर आहे. दगडावर हे उतरवणाऱ्या कारागिराचे कसब इथे लागते. मूळ तेलचित्रात ब्रशच्या एका फटकाऱ्याने जे साधते ते इथे अनेक दगडांवरच्या हजारो ठिपक्यांत वाटून टाकायचे आणि कागदावर पुन्हा एकत्र आणायचे असते. मूळ चित्र आणि ओलिओग्राफ शेजारी ठेवले तर चेहरे सारखे नसतात. छापलेली देवी थोडी गोल, थोडी गोड आणि अधिक गोरी होते. भिंतीवर आली ती ही दुसरी देवी, आणि तिच्या रूपातला निदान एक हिस्सा दगडावर बसलेल्या कारागिरांचा मानला पाहिजे.

छापखान्याला नाव मिळाले, पैसा मिळाला नाही. त्यातच १८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मुंबईत प्लेग शिरला. माणसे शहर सोडून पळू लागली, कारखान्यांना कामगार मिळेनात. छापखाना आधी घाटकोपरला आणि मग १८९९ साली लोणावळ्याजवळच्या मळवली-कार्ल्याला हलवला गेला. रेल्वे जवळ होती, जागा मोकळी होती आणि प्लेगचे शहर लांब होते. पावसाळ्यातल्या ओल्या कागदाची चिंता त्यापुढे लहान ठरली. कर्ज वाढत गेल्यावर नव्या शतकाच्या आरंभी रविवर्म्यांनी छापखाना फ्रिट्झ श्लायखर या आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. बरोबर चित्रांचे हक्कही दिले. १९०५ मध्ये राजराजवर्मा आणि १९०६ मध्ये रविवर्मा वारले, पण त्यांच्या नावाचा छापखाना जोरात चालत राहिला.

श्लायखर धंद्यात मुरलेला होता. कुठल्या प्रांतात कुठला देव खपतो, हे त्याने नीट पाहिले. विठ्ठल-रखुमाई, दत्तात्रेय, खंडोबा महाराष्ट्रासाठी, बालाजी आणि मुरुगन दक्षिणेसाठी, श्रीनाथजी गुजरात-राजस्थानसाठी. तसबिरींबरोबर पोस्टकार्डे, कापडाच्या ताग्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या, साबणाच्या आणि औषधांच्या कंपन्यांच्या दिनदर्शिका असे सगळे छापले जाऊ लागले. नव्या चित्रांसाठी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार मिळाले. त्यांतले सर्वांत मोठे नाव महादेव विश्वनाथ धुरंधर. १८६७ साली कोल्हापुरात जन्मलेले धुरंधर पुढे त्याच शाळेत मोठ्या पदावर पोहोचले आणि ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या आत्मवृत्तात त्यांनी त्या काळाच्या कलाव्यवहाराची माहितीपूर्ण हकिगत लिहिली. रविवर्म्यांच्या नायिका नाटकातून आल्या तर धुरंधरांच्या बायका रस्त्यावरून आणि स्वयंपाकघरातून आल्या. भाजीवाली, कोळीण, हळदीकुंकवाला निघालेली सवाष्ण, लग्नातली वरमाय अशी माणसे त्यांनी मुंबईत रोज पाहिली आणि बारीक निरीक्षणाने रेखाटली. त्यांच्या पोस्टकार्डांत थोडी थट्टाही असते, जी रविवर्म्यांच्या गंभीर देवादिकांत सापडायची नाही.

गिऱ्हाईकही गप्प बसत नसे. घरातल्या बायका विकत आणलेल्या तसबिरीवर खरी जर, टिकल्या, मोती आणि कापडाचे तुकडे चिकटवून देवीला प्रत्यक्ष साडी नेसवीत, दागिने घालीत आणि मग चौकट करून घेत. अशी सजवलेली चित्रे आज संग्राहकांना छापील चित्रांपेक्षा अधिक हवीशी वाटतात. एकाच दगडावरून निघालेल्या हजारो लक्ष्म्यांपैकी दोन लक्ष्म्या सारख्या उरल्या नाहीत, ते या हातांमुळे. शिळाछापाच्या इतिहासात त्यांची नोंद क्वचितच होते.

ही चित्रे नुसती देवघरात राहिली नाहीत. १८९३ पासून गणेशोत्सव सार्वजनिक झाला, १८९६ मध्ये रायगडावर शिवाजी उत्सव झाला, आणि छापखान्यांना नवे विषय मिळाले. घोड्यावर स्वार झालेले शिवाजी महाराज रविवर्म्यांच्या छापखान्यातूनही निघाले. पौराणिक प्रसंगांना दुहेरी अर्थ चढू लागला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ नाटक १९०७ साली आले तेव्हा कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकाला कुणी समजावून द्यावे लागले नाही; सरकारने १९१० साली नाटकावर बंदी घातली. मग भिंतीवरच्या सैरंध्रीकडे लोक कसे पाहत असतील, याची कल्पना करता येते. गायीच्या अंगात चौऱ्याऐंशी देवता दाखवणारे रविवर्मा छापखान्याचे चित्रही अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत खुपले. १९१० च्या प्रेस कायद्याने मजकुराबरोबर चित्रेही सरकारी नजरेखाली आणली. वृत्तपत्र वाचायला अक्षरओळख लागते, तसबिरीला ती लागत नाही, हे इंग्रज अधिकाऱ्यांच्या उशिरा पण नीट लक्षात आले होते.

खपणाऱ्या मालाची नक्कल होणारच. रविवर्मा छापखान्याचे नाव झाल्यावर घाटकोपरला ‘रवि उदय’ या नावाचा छापखाना निघाला, आणि ‘रवि’ हा शब्द पुढे लावण्यामागचा हेतू लपून राहण्यासारखा नव्हता. जर्मनीतूनही भारतीय देवांच्या तसबिरी छापून येत. एकाच लक्ष्मीच्या डाव्या-उजव्या अशा दोन्ही आवृत्त्या सापडतात, कारण छापलेले चित्र पाहून सरळ दगडावर काढले की नक्कल उलटी निघते. कलापारखी मंडळींनी या साऱ्या व्यवहाराला नाक मुरडले. ई. बी. हॅवेल, आनंद कुमारस्वामी, भगिनी निवेदिता यांनी रविवर्म्यांच्या कलेला परकी, नाटकी आणि भारतीय परंपरेशी तुटलेली ठरवले. टीकेत तथ्य होते. नाटकीपणा तर डोळ्यांना दिसतोच. पण ज्या नाटकाचा तो नाटकीपणा होता ते नाटक इथल्या मातीतले होते, आणि टीकाकारांना अजिंठा हवा असताना लोकांना शकुंतला हवी होती.

शिळाछापाच्या कारखान्यांतून शिकून बाहेर पडलेल्यांत धुंडिराज गोविंद फाळके हे एक. रविवर्म्यांच्या छापखान्याशी त्यांचा संबंध आला, पुढे त्यांनी स्वतःचा छपाईचा व्यवसाय काढला आणि नवे तंत्र शिकायला १९०९ मध्ये ते जर्मनीला गेले. १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. त्यांच्या पौराणिक चित्रपटांतल्या पात्रांची ठेवण आणि पोशाख पाहिले की जुन्या ओलिओग्राफशी असलेले नाते कळते. छपाईत मात्र छायाचित्रावरून ठसे करणारे हाफटोन तंत्र आणि नंतर ऑफसेट आले. दगडावर ठिपके भरणाऱ्या माणसाची गरज संपली. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या दोघा गोमंतकीय चित्रकारांनी मुखपृष्ठे आणि दिनदर्शिका यांतून देवादिकांची परंपरा पुढे चालवली; ती गोष्ट मोठी आहे, पण ती छपाईच्या यंत्राची आहे, दगडाची नाही. कार्ल्याचा छापखाना श्लायखर यांच्यामागे काही दशके टिकला. १९७२ साली त्याला आग लागली आणि त्यात पुष्कळ मूळ छापे आणि सामान जळाले.

जुन्या वाड्यांच्या आवराआवरीत अशा तसबिरी अजून सापडतात आणि रद्दीत जातात. खऱ्या शिळाछापाची ओळख भिंगाखाली पटते. हाफटोन आणि ऑफसेटच्या छपाईत ठिपके जाळीसारखे, एका मापाच्या अंतरावर ओळीने बसलेले दिसतात. शिळाछापात ते हाताने दिलेले असतात, म्हणून वेडेवाकडे, कुठे दाट कुठे विरळ, आणि खडूचे काम असेल तर दगडाच्या कणांचा खरखरीतपणाही दिसतो. रंगांच्या कडा एकमेकींवर थोड्या सरकलेल्या असतात. ओलिओग्राफवर रोगणाची तकाकी असते आणि ते जुने झाले की पिवळे पडून त्याला बारीक भेगा जातात. चौकट बदलताना खालची पट्टी कापू नये, कारण चित्रशाळेचे किंवा कार्ल्याच्या छापखान्याचे नाव त्या अर्ध्या इंचात असते. ते गेले की चित्राचे वय आणि गाव दोन्ही ठरवणे कठीण होते. पुण्याच्या चित्रशाळेच्या सुरुवातीच्या तसबिरींचे नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जपलेले आहेत; तिथेही ते ओळखले जातात ते याच पट्टीवरच्या नावावरून.